कुलपावरच्या मुंग्या

सत्त्याऐंशी सालच्या जून महिन्यात आमच्या गावात मारुतीच्या पारावर दर गुरुवारी कुलपं मांडली जायची आणि अख्खं गाव त्यांच्याकडं डोळे लावून बसायचं. देव मागं, कुलपं पुढं. मारुतीच्या दिव्यात तेल घालायची आठवणसुद्धा कुणाला राहिली नव्हती.

कुलपांच्या मधोमध कुलूपबाबा बसलेला असायचा. भगवी लुंगी, कपाळाला अंगारा, समोर तांब्याचं घंगाळ. घंगाळात कोमट पाणी, त्याला तीर्थ म्हणायचं.

"लक्ष्मीला पाय असतात, बाळांनो," बाबा डोळे मिटून सांगायचा. "पायात बेडी पडली तर ती चालंल कशी? पोलिसाचं पत्र म्हंजे नुसती वरची माया. खरी गाठ आत बसलीय, तुमच्या पापाची. बाबा गाठ सोडतो, माया आपोआप गळती."

कुलपं बाबाचीच, ज्याचं ब्यांकेतलं खातं अडकलंय त्याच्या नावाचं एकेक. मग तो एकेक कुलूप सुतळीला बांधून तीर्थात सोडायचा. आरती सुरू व्हायची. आरती संपत आली की पाण्यातून खट्ट असा आवाज यायचा आणि बाबा कुलूप वर काढायचा. किल्ली नाही, हात लावलेला नाही, कडी उघडलेली. एकशे एक रुपयांची दक्षिणा आदल्या दिवशीच पोचलेली असायची, आता नारळ पायावर पडायचा. ज्याचं कुलूप उघडलं त्याचं ब्यांकेतलं खातं दुसऱ्या दिवशी खरंच मोकळं व्हायचं.

आता पाप काय होतं ते मी सांगतो. धान्याच्या मोंढ्यातल्या एका आडत्यानं एकच गोदाम दोन ब्यांकांकडं गहाण टाकलं, पैसा उचलला आणि पसार झाला. त्याचे चेक ज्या ज्या खात्यात जमा झाले होते ती सगळी खाती तपास होईपर्यंत थांबवा, असं पत्र पोलिसांनी ब्यांकेला दिलं. आमच्या गावच्या बावीस जणांनी त्याला तूर विकली होती. तूर खरी, माप खरं, पण खाती गोठली. एवढंच यांचं पाप.

मी व्यंकटराव. सेलूच्या कोर्टाबाहेर लिंबाखाली टेबल टाकून तीस वर्षं अर्ज लिहितोय. लोक मुन्शीजी म्हणतात. मी पहिल्याच दिवशी चावडीवर सांगितलं होतं, "बाबांनो, कागदानं थांबलेलं खातं कागदानंच सुटतं. पोलिसांनी अशी जप्ती केली की मॅजिस्ट्रेटला कळवावं लागतं. आपण मॅजिस्ट्रेटसाहेबांकडं अर्ज करायचा, तूर विकल्याची पट्टी-पावती जोडायची, हमीपत्र द्यायचं. साहेब पोलिसांचं म्हणणं मागवतात आणि हुकूम काढतात. हुकूम ब्यांकेत पोचला की खातं मोकळं."

बावीसपैकी नऊ जणांनी अर्ज केला. बाकीचे म्हणाले, कोर्टाची पायरी नको. ब्यांकेचा शिपाई चंद्रभान याच्या घरी तेवढ्यात हा बाबा येऊन उतरला आणि त्याची पायरी मात्र सगळ्यांना चालली.

अकरा तारखेच्या गुरुवारी चार कुलपं उघडली. मी रात्री माझी वही काढून पाहिली. चौघंही माझ्या वहीतले, अर्ज केलेले. अठराच्या गुरुवारी एक उघडलं, तोही माझाच. अर्ज न केलेल्या एकाचंही उघडलं नाही. मी वही घेऊन पारावर गेलो आणि नावं वाचून दाखवली.

तात्याराव, आमच्या सोसायटीचे चेअरमन, पान जमवत म्हणाले, "मुन्शीजी, अर्ज तुमी लिव्हला हे कबूल. पण साहेबाच्या हाताला सही करायची बुद्धी कुणी दिली?"

सगळा पार हसला. गाढवापुढं वाचली गीता. मी वही बगलेत मारून घरी आलो आणि बायकोशी विनाकारण भांडलो.

माझ्या नऊ जणांत बायनाबाई होती. नवरा वारलेला, दोन एकर कोरडवाहू, आणि वालूरच्या बाजारात रेवड्या-गुडीशेवचं दुकान. दुकान म्हणजे एक पोतं आणि एक तराजू. तिच्या लेकीचा, दैवशालाचा, परभणीला नर्सच्या ट्रेनिंगला नंबर लागला होता. फी भरायची शेवटची तारीख बावीस जून. फीचे पैसे त्या गोठलेल्या खात्यात. बायनाबाईनं अर्जही केला आणि बाबाकडंही गेली.

"दोन्हीकडून लावलं तर काय बिघडंल, मुन्शीजी?" ती म्हणाली.

"बिघडंल ते कळंल तुला," मी म्हणालो. मी चिडका माणूस आहे, आणि चिडक्या माणसाचं कुणी ऐकत नाही हे मला उशिरा कळलं.

सतराला तिनं बाबापुढं अकरा रुपये ठेवले. तेवढेच होते. अठराला तिचं कुलूप पाण्यात गेलं, आरती झाली, दुसरी झाली, कुलूप गप्प. बाबा म्हणाला, "बाई, श्रद्धा कमी पडायलीय. पुढच्या गुरुवारी पुरी श्रद्धा घेऊन ये."

दैवशाला म्हणाली, "बाबा, सोमवारी तारीख संपायलीय."

"पोरी, देवाच्या पंचांगात सोमवार नसतो," बाबा म्हणाला आणि लोकांनी माना डोलावल्या.

सोमवारी तारीख संपली. बायनाबाई ब्यांकेत जाऊन आली होती. दारातच चंद्रभाननं सांगितलं, काही आलं नाही.

बुधवारी मी कोर्टातल्या कारकुनाला सहज विचारलं, बायनाबाईच्या अर्जाचं काय झालं. त्यानं फाईल उघडली. हुकूम केव्हाच निघालेला. रजिस्टर पोस्टानं ब्यांकेला पोचला, बारा जूनला. पोचपावतीवर सही चंद्रभानची. ही चौकशी मी आठ दिवस आधी करायला हवी होती. ते आठ दिवस मी बाबाला शिव्या देण्यात घालवले होते.

हुकुमाची नक्कल आणि पोचपावतीचा तपशील घेऊन मी गुरुवारी पारावर पोचलो. बाबानं कुलपं सकाळीच पेटीतून काढून फळीवर मांडली होती, पण आज माजी सरपंच आबासाहेबांचं कुलूप उघडायचं होतं आणि आबासाहेब काही वेळेवर येईनात. मोठ्या माणसाशिवाय आरती कशी करणार? कुलपं तशीच तासन्‌तास पडून राहिली. उन्हं डोक्यावर आली.

बायनाबाई पहिल्या रांगेत बसली होती. मंगळसूत्र मोडायचं राहिलं होतं, ते मोडून पुरी श्रद्धा घेऊन आली होती. ती कुलपांकडं बघत होती. बराच वेळ बघत होती. मग उठली आणि फळीजवळ जाऊन वाकली.

आबासाहेब आले. बाबानं सुतळी हातात घेतली.

"थांबा," बायनाबाई म्हणाली. "आज तीन उघडतील. आबासाहेबांचं, सुलाबाईचं आन् ते शेवटून दुसरं. बाकी एक बी उघडत न्हाई. माझं तर न्हाईच."

बाबाचा हात थबकला. "बाई, मधी बोलू नको. कोप होईल."

"होऊ द्या," आबासाहेब म्हणाले. त्यांना घाई होती. "सोडा पाण्यात."

आरती झाली. आबासाहेबांचं उघडलं. सुलाबाईचं उघडलं. शेवटून दुसरं उघडलं. तिघंही माझ्या वहीतले. बाकीची एकामागून एक बुडवली, सगळी मुकी.

आणि मग काय झालं म्हणता? तात्याराव उठले आणि बायनाबाईच्या पायावर डोकं ठेवलं. "माय, तुझ्या अंगात आलंय," म्हणाले. मागून चार जण उठले. कुणी नारळ शोधायला लागलं. एक बाबा पुरला नव्हता, आता यांना एक बाई हवी होती.

"अंगात न्हाई आलं," बायनाबाई पाय मागं घेत म्हणाली. "मुंग्या आल्यात. त्या तीन कुलपांना मुंग्या लागल्या व्हत्या. बाकीच्यांना न्हाई. लोखंडाला मुंग्या कशाला लागतील?"

तिनं आबासाहेबांचं कुलूप उचललं, कडीच्या भोकात बोट घातलं आणि जिभेला लावलं.

"पाक हाय. गोळीबंद. गुळाचा. मी वीस वर्षं रेवड्या करायलेय, मला सांगू नका."

दैवशालानं कुलूप घेतलं आणि दगडानं फोडलं. आतली, कडी अडवून धरणारी खिट्टी काढून टाकलेली होती. नुसती स्प्रिंग आणि कडी. कडी दाबून धरायची, भोकात गरम पाक ओतायचा. पाक घट्ट झाला की तो कडीला धरून ठेवतो. कोमट पाण्यात एका आरतीत पाक विरघळतो आणि स्प्रिंग कडी वर उडवते. जे उघडायचं नाही त्या कुलपात खिट्टी शाबूत. हा बाबा पूर्वी जत्रांतून छत्र्या आणि कुलपं दुरुस्त करायचा, हे नंतर कळलं. कसब होतं माणसाकडं. मेहनत मात्र नको होती.

"पण कुणाचं उघडायचं हे त्याला कसं कळायचं?" आबासाहेबांनी विचारलं.

"ते ब्यांकेत चला, दाखवतो," मी म्हणालो.

ब्यांकेच्या भिंतीवर विद्यापीठाच्या नामांतराच्या घोषणा होत्या, एकावर एक चुना फासून लिहिलेल्या. त्या भिंतीखाली चंद्रभान स्टुलावर बसला होता. गर्दी बघून तो उठला. मॅनेजरसाहेबांनी पोचपावतीचा तपशील वाचला आणि चंद्रभानचा ड्रॉवर उघडायला लावला. आत कोर्टाचे चार लिफाफे होते, फोडून पुन्हा चिकटवलेले. आबासाहेबांचा, सुलाबाईचा, आणखी एक, आणि सगळ्यात खाली बायनाबाईचा. बारा जूनचा शिक्का.

हुकूम आला की चंद्रभान तो दाबायचा आणि घरी बाबाला नाव सांगायचा. एकशे एक आले की कुलपात पाक, आणि दुसऱ्या दिवशी हुकूम साहेबांच्या टेबलावर. अकरा रुपये आले तर हुकूम ड्रॉवरमध्येच. म्हणजे बायनाबाईचं खातं कोर्टानं बारा तारखेलाच सोडलं होतं. ज्याच्या पायाशी ती उघडायला बसली होती, तोच ते बंद करून बसला होता.

दैवशालानं लिफाफा हातात घेतला, तारीख वाचली आणि आईकडं दिला. आईला वाचता येत नव्हतं. "काय तारीख हाय?" तिनं विचारलं.

"फीच्या तारखेच्या दहा दिवस आधीची," दैवशाला म्हणाली.

परभणीला तिची जागा यादीतल्या पुढच्या मुलीला गेली होती. तिथला कारकून भला माणूस होता, त्यानं पुढच्या वर्षी अर्ज करायला सांगितलं. एक वर्ष गेलं. ते कोणत्याही कोर्टाच्या हुकमानं परत येत नाही.

आम्ही ब्यांकेतून परतेपर्यंत बाबा पळाला होता. मी फिर्याद लिहायला बसलो. बावीस जणांच्या सह्या हव्या होत्या. तात्याराव म्हणाले, साधूचा तळतळाट नको. आबासाहेबांना निवडणूक लढवायची होती. एकानं तर हळूच विचारलं, बाबा आता कोणत्या गावी बसायलेत. सही करायला आल्या दोघीच, दैवशाला आणि तिची आई.

अंगठा उठवण्याआधी बायनाबाई म्हणाली, "मुन्शीजी, त्यात लिव्हा, अकरा रुपये मी माझ्या हातानं दिले. कुणी हिसकून घेतले न्हाईत."

"असं लिहायचं नसतं बाई," मी म्हणालो. "फिर्याद कमजोर होते."

"खरं हाय ते लिव्हा."

मी लिहिलं. तीस वर्षांत फिर्यादीत असं वाक्य पहिल्यांदाच लिहिलं. वाचणाऱ्यांनो, तुमचं काही अडकलं असेल तर आधी विचारा की कोणत्या कागदानं अडकलं, त्यावर सही कुणाची, आणि तो सोडवायचा अधिकार कुणाला. अर्ज करा, पोच घ्या, आणि चौकशीला स्वतः जा, माझ्यासारखं चिडत बसू नका. एवढं करूनही कुणाच्या पायावर नारळ फोडावासा वाटला, तर बायनाबाईचं वाक्य आठवा. तुमच्या हातातले अकरा रुपये कुणी हिसकावत नाही, ते तुम्हीच देता.