मोजायला दुसरं माणूस

हरसूलच्या एका उतारावर, खताचा दाणाही न पडता तरारलेली मिरची बघून रिदाने तिच्या मुळाशेजारची मूठभर माती नाशिकला आणली होती. प्रयोगशाळेत त्या मातीतून एक जिवाणू निघाला. प्लेटमध्ये दुधी ठिपका आणि भोवती स्वच्छ कडं, म्हणजे मातीत अडकलेलं स्फुरद हे पोषणद्रव्य विरघळवून मुळांना देणारा. तो खरंच मिरची वाढवतो का, हे आता कुंड्यांनी सांगायचं होतं. अर्ध्या कुंड्यांत जिवाणू घातला, अर्ध्यांत नाही, आणि वर नुसते क्रमांक टाकले.

रिदाच्या मोजणीत जिवाणूची रोपं चांगली बोटभर जास्त उंच भरली. पण तिचे मार्गदर्शक सर म्हणाले, कुठल्या कुंडीत काय आहे हे ज्याला ठाऊक, त्याची मोजणी धरत नाहीत. दुसरं माणूस आण, आकडे जुळले तरच प्रबंध पुढे जाईल. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, यातून शास्त्रज्ञही सुटलेले नाहीत. पूर्वी प्रयोगशाळेत जोडीला संपदा होती, पण ती नोकरी लागून पुण्याला गेली. रिदाने मोबाइलमधली नावं वर-खाली केली. मनमाडचं घर सोडलं तर हाक मारावी असं कोणीच नव्हतं. इतकी वर्षं या शहरात काढून एक माणूस जोडलं नाही, याचं तिला फार वाईट वाटलं.

शेवटी तिने डबा देणाऱ्या लताबाईंना विचारलं. रोज चार शब्द बोलणं व्हायचं ते त्यांच्याशीच. हिरव्या जाळीच्या शेडमध्ये लताबाई पट्टी धरून आकडा सांगत, रिदा समोर बसून लिहून घेई. आकडे तिच्या आकड्यांशी जुळले. रिदाचा आनंद मावेना. तिने कॅन्टीनमधून दोन चहा आणले.

चहा फुंकत लताबाई म्हणाल्या, "आता बरं दिसतंय तोंड. मघाशी काही रोपं उंच निघाली की उतरायचं, काही बुटकी निघाली की उतरायचं. मग तुला बरं वाटंल तसंच सांगत गेले."

रिदाला राग आला आणि बरंही वाटलं. या शहरात कोणीतरी तिच्या चेहऱ्याकडे इतकं नीट पाहिलं होतं, आणि नेमकी त्यानेच मोजणी नासवली होती. सरांना कळायचं काही कारण नव्हतं. तरी तिने लिहिलेल्या आकड्यांवर काट मारली.

"मावशी, उद्या परत मोजू," ती म्हणाली. "मी बाहेर थांबते. जे असेल तेच सांगा."

दुसऱ्या दिवशी ती जाळीबाहेर पाठ करून उभी राहिली. आतून आकडे येत गेले. कुंड्या तिला तोंडपाठ होत्या, त्यामुळे अर्ध्यातच उमगलं. जिवाणू घातलेली रोपं आणि न घातलेली रोपं सारखीच होती. म्हणजे आपल्या लाडक्या रोपांचे शेंडे ती मोजताना नकळत वर ओढून धरत आली होती.

"बरोबर येतंय ना गं?" आतून लताबाईंनी विचारलं.

"येतंय, मावशी. सांगत राहा," रिदा म्हणाली. आज तिचा चेहरा कोणालाच दिसत नव्हता, म्हणून तिला रडता रडता सगळे आकडे खरे लिहिता आले.