माझ्या समोर बंद, माघारी उघडे

"तुमची पोर तोंडात मोजा धरून झोपते हो!" दुकानदार कौतुकाने म्हणाला. त्याला कसं ठाऊक?

पाळणाघर त्याच्याच जागेत, कॉम्प्युटर दोघांत एक, खाती मात्र वेगळी. मुलांचे फोटो साठवणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, मी लिहिली होती. नवी फाइल फक्त पाळणाघराच्या ताईंना उघडावी, अशी ओळही त्यांच्या खात्याच्या लॉगिन सेटिंगमध्ये घातली होती. मी स्वतः चालवून बघितलं, इतर खात्यांना फोटो बंद. आज बघते तर सकाळचे सगळे फोटो सताड उघडे.

पुन्हा चालवलं. नवा फोटो बंद! म्हणजे मी बघत असले की शहाणी, पाठ फिरली की ही थेरं.

नणंदेला फोन लावला, ती कॉम्प्युटरचंच काम करते.

"वहिनी, सकाळी स्क्रिप्टला कोण उठवतं?"

"कॉम्प्युटरच. वेळ लावलीय."

"आणि आत्ता?"

"मी."

"मग दोन वेळची उठवणारी आई वेगळी झाली ना! सकाळची लॉगिन कुठे करते? तुझी सेटिंग वाचेल कशाला?"

मला भारीच कुतूहल वाटलं. स्क्रिप्टलाच विचारलं, तुझा नियम काय ते लिही. माझ्या हातून सुरू केली तर ०७७, म्हणजे नवी फाइल फक्त त्या खात्याला. वेळेवर आपोआप सुरू झाली तर ०२२, वाचायला सगळ्यांना मोकळं. स्क्रिप्ट आत आणखी एक शेल, म्हणजे आज्ञा चालवणारा प्रोग्राम, सुरू करते, त्याच्यातही तोच आकडा उतरलेला. त्या आतल्या शेलमध्ये आकडा बदलून पाहिला, तर बाहेरच्या स्क्रिप्टला त्याचा पत्ताच नाही. नियम खाली उतरतो, वर चढत नाही.

"ओळ स्क्रिप्टच्या अगदी वर घाल," नणंद म्हणाली, "मग कोणीही उठवू दे."

घातली. वेळ लावून दिली आणि हात मागे घेऊन नुसती बसून राहिले. नवा फोटो आला, बंद. पण सकाळचे अजून तसेच! नियम लागतो तो फाइल तयार होताना, आधीच्यांना नाही. ते सगळे हाताने बंद केले.

मग दुकानदाराला बोलावलं. "जरा तुमच्या खात्यातून बघता?"

त्याने बघितलं. "परवानगी नाही म्हणतोय. बिघडवलंत की काय?"

"हो," मी म्हटलं. "आता त्याच्या खालचा फोटो उघडून बघा. आणि त्याच्याही खालचा."