दोन तोरणांचं गाव

पाचोडच्या अलीकडचं आमचं गाव. पंचायतीची निवडणूक झाली आणि दोन सख्खे भाऊ एकमेकांना पाण्यात पाहू लागले. धाकटा कारभारी सरपंच झाला. थोरला बद्रीनाथ हरला आणि म्हणाला, "त्याच्या गावात मी ऱ्हात नाय." घर काही सोडलं नाही, पण खालच्या आळीचं वेगळं गाव करून मोकळा झाला. पोळ्याला वेशीत ज्या तोरणाखालून बैल नेतात, तेही वेगळं बांधायचं ठरलं. दोन्हीकडं लाठ्यांना तेल लागलं.

मी शाळेत इतिहास शिकवतो, दाऊद मास्तर. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. बद्रीनाथच्या ओसरीवर जाऊन मी त्याला अमेरिकेची गोष्ट सांगितली. अठराशे साठ साली तिथं नवा अध्यक्ष निवडून आला. गुलामगिरी पुढं पसरू देणार नाही, म्हणणारा. गुलामांच्या घामावर जगणाऱ्या दक्षिणेच्या जमीनदारांना तो नको होता. तो खुर्चीवर बसायच्या आधीच सात राज्यं फुटून निघाली, आणि मग भाऊ भावावर बंदूक घेऊन धावला.

बद्रीनाथनं मन लावून ऐकलं. मग म्हणाला, "म्हंजी फुटून निघता येतं, व्हय ना मास्तर?"

मी कपाळावर हात मारला. पालथ्या घड्यावर पाणी!

तेवढ्यात त्याची बायको द्वारकाबाई आतून आली. "मास्तर, मेलं कोण?"

"दोन्हीकडचे. लाखांनी."

ती पदर सावरून सरळ वरच्या आळीला, तिच्या जावेकडं, कारभारीच्या लक्ष्मीबाईकडं गेली.

पोळ्याला बद्रीनाथची जोडी स्वतःच्या तोरणाखालून वाजतगाजत घरी आली. दाराला आतून कडी.

"गावाच्या तोरणाखालून आल्याबिगर मी बैल ओवाळणार नाय," द्वारकाबाई आतून म्हणाली.

पोळ्याचा बैल न ओवाळता दारातून परतणं म्हणजे केवढा अपशकुन! शेजारच्या दारांनाही कड्या. आळीतल्या साऱ्या बाया एक झाल्या होत्या. आत पुरणाचा घमघमाट, बाहेर बैल आणि धनी दोघंही ताटकळलेले. शेवटी बद्रीनाथनं कासरा ओढला आणि वेशीकडं निघाला. मागोमाग सगळी आळी निघाली.

वेशीत कारभारीही खोळंबलेलाच. थोरल्याची जोडी आल्याशिवाय ओवाळणीचं ताट उचलणार नाही, असं लक्ष्मीबाईनं त्याला बजावलं होतं. त्याची माणसं लाठ्या घेऊन उभी. माझा जीव टांगणीला लागला.

कारभारीनं खाली मान घातली. "दादा, तुम्ही थोरले. तुम्ही व्हा फुडं."

बद्रीनाथनं तोरणाकडं पाहिलं. मग त्यानं आपले बैल बाजूला घेतले.

"निवडून तू आला. सरपंच तू हायेस. तुझी जोडी फुडं, मी मागून येतो."

हलगी कडाडली. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या, आणि दोन्ही आळ्यांचे बैल त्या एका तोरणाखालून दिवस मावळेपर्यंत जात राहिले.