तळाची अकरा भोके

मित्रांनो, मी एक जुनी ट्राम आहे. हल्ली लोक मला 'वारसा' म्हणतात, माझ्यासमोर उभे राहून फोटो काढतात आणि माझ्या सागवानी बाकांवरून हात फिरवतात. तुम्हाला वाटेल, हिचे केवढे भाग्य! पण मी फसवली गेले आहे. त्याहून वाईट म्हणजे माझ्या हातून दुसऱ्यांची फसवणूक झाली. मला हात नाहीत म्हणता? मग चाकांखालून झाली, असे म्हणा.

मांडवखार हे आमचे नदीकाठचे गाव. नदी इथेच खाडीला मिळते. धक्क्यापासून बाजारपेठेपर्यंत दीड मैल मी धावत असे. सुरुवातीला मला बैल ओढायचे, नंतर डिझेलचे इंजिन आले. पुढच्या भागात मास्तर आणि कचेरीतले कारकून बसत. मागच्या उघड्या भागात कोळणी आपल्या पाट्या घेऊन चढत. बोंबील आणि मांदेलीच्या पाट्यांतून पाणी गळायचे, ते वाहत वाहत मास्तरांच्या वहाणांपर्यंत पोहोचायचे आणि रोज सकाळी भांडण पेटायचे. आमचा कंडक्टर हरेश्वर त्या भांडणांना इतका कंटाळला, की एका रविवारी गिरमिट घेऊन आला आणि माझ्या मागच्या तळाला त्याने अकरा भोके पाडली. खोटे कशाला बोलू, दुखले. पण दुसऱ्या दिवसापासून पाणी खाली रुळावर गळू लागले आणि भांडणे थांबली. त्या भोकांचा मला फार अभिमान होता. कोणीतरी आपल्या सोयीसाठी नव्हे, तर दुसऱ्याला जागा मिळावी म्हणून ती पाडली होती.

पुढे डांबरी रस्ता झाला, तीनचाकी मिनिडोर गाड्या आल्या आणि मला धक्क्याजवळच्या शेडमध्ये नेऊन सोडले. तीस वर्षे माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही. कोणी म्हणजे मोठ्या माणसांनी. कोळणी मात्र माझ्यात फाटकी जाळी ठेवायच्या. त्यांच्यातली नीराबाई, जी नवी नवरी असल्यापासून माझ्यातून बाजाराला जायची, ती दर नारळी पौर्णिमेला मला झाडून काढायची आणि माझ्या घंटेला कुंकू लावायची.

मग एके दिवशी हरेश्वरचा मुलगा दिपेश आला. तो आता पर्यटनाच्या एका कंपनीत साहेब झाला होता. मला पुन्हा रुळावर आणायचे ठरले होते. अडचण एकच होती. जुन्या वाटेवर इमारती उभ्या राहिल्या होत्या आणि नवा रूळ जायला फक्त कोळणींचे खळे उरले होते. खळे म्हणजे त्यांची मासे वाळवायची जागा. जवळा तिथेच पसरायचा, बोंबील तिथेच बांबूंवर टांगायचे. तोच सुका माल पार पालीच्या बाजारापर्यंत जायचा.

"मावशी, खळ्यातून रूळ जाऊ दे," दिपेश नीराबाईला म्हणाला. "सकाळची पहिली फेरी तुमची. कायमची."

"पाट्या घेऊन?"

"पाट्या घेऊनच. पूर्वीसारखी."

त्याने माझ्या पायरीवर नारळ फोडला आणि अर्धे भकल तिच्या हातात दिले. आमच्या कोळीवाड्यात होडीचा सौदा असो की सोयरीक, ती अशीच ठरते. भकल घेतले की बोलणे पक्के झाले. त्यावर कागद मागणे म्हणजे समोरच्याला तोंडावर खोटे म्हणणे.

नीराबाईची सून नूतन शिकलेली. ती हळूच म्हणाली, "आये, लिहून घ्या काहीतरी."

"हरेश्वराच्या पोराकडं कागद मागू? न्हाय गो. त्यानं नारल फोडलाय."

मला वाटले, बरोबर बोलली. मीसुद्धा तिच्याइतकीच भोळी.

कारागीर आले. त्यांनी मला घासले, रंगवले, पॉलिश केले. आणि माझी अकराही भोके सुताराची लांबी, म्हणजे लाकडात भरायचा लगदा, भरून बुजवली. तेव्हाच मला कळायला हवे होते.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी नीराबाई पाच जणींना घेऊन आली. पाटीत ताजी मांदेली होती. तिने पायरीला हात लावून नमस्कार केला आणि पाय वर टाकला. दिपेश आडवा आला.

"मावशी, पाटी नको. वास येतो, पाहुणे आहेत. तुम्ही नुसत्या येऊन बसा ना. फोटोसाठी रिकाम्या पाट्या ठेवल्यात, नव्याकोऱ्या."

"रिकामी पाटी घेऊन मी बाजारात काय इकू? तूच बोललास ना रं, पाट्या घेऊन?"

दिपेशने खाली पाहिले. मग म्हणाला, "तसं कुठं लिहिलेलं नाही, मावशी."

 नीराबाईने कमरेच्या पिशवीतून करवंटी काढली. त्याच भकलाची, जपून ठेवलेली. ती माझ्या पायरीवर ठेवली, पाटी डोक्यावर घेतली आणि ती रस्त्याने चालू लागली. इतक्यात घंटा वाजली, टाळ्या वाजल्या आणि मला धक्का बसला. करवंटी पायरीवरून घसरून माझ्याच चाकाखाली आली. तिचा फुटण्याचा आवाज फक्त मी ऐकला. पुढच्याच वळणावर मी त्यांचे खळे ओलांडले.

आता सुका माल वाळवायला जागा नाही, म्हणून दोन जणींनी धंदा सोडला आहे. माझ्या आत मात्र डोक्यावर पाटी घेतलेल्या कोळणीचे मोठे सुंदर चित्र लावले आहे. पाहुण्यांना ते फार आवडते.

परवा नीराबाई रस्त्याकडेने पाटी घेऊन चालली होती. मी मागून आले. ड्रायव्हरने घंटा वाजवली. त्या घंटेवर ती पूर्वी हात करायची, "थांब गो बाय," म्हणायची. परवा ती कुठल्याही गाडीला वाट द्यावी तशी दोन पावले बाजूला झाली. मागे वळून पाहिलेसुद्धा नाही.

मित्रांनो, तुम्ही माझ्यात बसायला याल, तेव्हा मला जपा असे मी म्हणणार नाही. मला खूप जपले आहे. रंगही नको, पॉलिशही नको. तुमच्यापैकी कोणी मोठे होऊन माझे काही करू शकलात, तर एवढेच करा. गिरमिट आणा आणि माझी अकरा भोके पुन्हा उघडा.