प्रश्नाखालची ओळ

चंद्रभान परभणीच्या दवाखान्यातून एकटेच परत आले, तेव्हा त्यांच्या पत्नी बायनाबाई गेल्या हे पेडगावात कळलं. ते एकोणनव्वद साल होतं. मित्रांनो, मी त्यांच्या घराच्या ओट्यावरचा एक जुना फळा आहे. त्या दिवशी माझ्यावर बायनाबाईंचंच अक्षर होतं.

मला चंद्रभाननी बनवलं. ते लाकूडकाम करायचे, बाई शाळेत विज्ञान शिकवायच्या. दर दिवाळीला संपलेल्या सेलांची काळी पूड पाल्याच्या रसात खलून ते मला रंगवायचे. रविवारी गावातल्या मुली माझ्यासमोर बसायच्या. मागे चंद्रभानचा रंधा चालायचा.

"जरा थांबवा की ओ ती खरखर. विश्व जन्मायलंय इथं," बाई म्हणायच्या.

"दर रविवारी जन्मतंय व्हय?" ते विचारायचे, आणि रंधा थांबवायचे.

बाईंनी शेवटी शिकवलं ते असं. जन्मल्याबरोबर विश्व एकदम अफाट फुगलं. त्यातल्या बारीक सुरकुत्याही ताणल्या गेल्या. जिथं फार दाटी झाली, तिथं इवली कृष्णविवरं घडली असावीत. वजन डोंगराएवढं, आकार अणूहून लहान. ती हळूहळू विरत जातात. अगदी शेवटी गुरुत्वाकर्षणाचे आणि अणूंचे नियम एकत्र मांडावे लागतात. मग काय उरतं? एवढं लिहून बाईंनी खाली एका ओळीची जागा सोडली. "पुढच्या रविवारी," म्हणाल्या. पुढच्या रविवारी त्या दवाखान्यात होत्या.

बाईंच्या मृत्यूनंतरच्या जलदान विधीची वेळ माझ्यावर लिहायची होती. चंद्रभानच्या बहिणीनं, चतुराबाईनं, मला ओल्या फडक्यानं पुसलं.

"अगं, ते तिचं होतं."

"खडूचंच की दादा. मला काय ठाव?"



नंतरच्या रविवारी मुली आल्या. "मामा, शेवटी काय उरतं ते बाईंनी सांगितलंच न्हाई."

चंद्रभाननी खडू घेतला. रंध्यामागून ऐकलेलं सगळं लिहिलं. प्रश्नापाशी हात थांबला. त्यांना वाटलं, बाईंनी खाली उत्तर लिहिलं होतं, ते फडक्यानं गेलं. त्यांनी बाईंची वही काढली. त्यात होतं, 'काही उरतं की काहीच नाही, हे अजून कुणालाच माहीत नाही. मुलींना तसंच सांगायचं.' त्यांनी ते वाचून दाखवलं. मुली घरी गेल्या. वर्ग पुन्हा भरला नाही.

मित्रांनो, कुणाचं लिहिलेलं पुसण्याआधी एकदा वाचून घ्या. मला दुसरं काही सांगायचं नाही.

पाच दिवाळ्या झाल्या. मला काळा रंग लागलेला नाही. चंद्रभानचं अक्षर पुसट झालं आहे. प्रश्नाखालची ओळ अजून लिहायची आहे.