उजवीकडे वळताना

मित्रांनो, मी एका गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाचा एक्सल आहे. जुना, गंजलेला आणि आता अगदी दमलेला. इंजिनाची कहाणी असती तर तुम्ही सरसावून बसला असता. माझे नाव ऐकून निम्म्यांनी तोंड वाकडे केले असेल. करा बापडे. पण इंजिनाने कितीही गर्जना केली, तरी त्याचे बळ चाकापर्यंत पोचवतो तो मीच.

माझा जन्म भट्टीपाशी झाला. लालभडक लोखंडाला ठोकून, तासून मला घडवले आणि दोन्ही टोकांना एकेक जॉइंट बसवला. त्यामुळे चाक वळले, उसळले तरी मी फिरत राहू शकतो. जॉइंटमध्ये ग्रीस भरले आणि ते सांडू नये, आत माती शिरू नये, म्हणून वर घड्याघड्यांचा रबरी बूट चढवला. त्या बुटावरच माझे आयुष्य अवलंबून आहे, हे तेव्हा मला कुणी सांगितले नाही.

फिनलंडच्या उत्तरेला, जंगलातल्या एका छोट्या गावात मला घर मिळाले. ताउनो आणि हिल्का हे नवरा-बायको, मूलबाळ नाही. ताउनो गाडीला फार जपायचा. दर वर्षी बर्फ पडण्याआधी तो गाडीखाली शिरायचा, माझ्या बुटाच्या प्रत्येक घडीतून बोट फिरवायचा आणि "ठीक आहेस," एवढेच म्हणायचा. तिकडच्या माणसाच्या तोंडून याहून मोठी शाबासकी निघत नाही. चाकाचा मोठा नट सोडवायचा असला की हिल्का आत बसून ब्रेक दाबून धरायची आणि ताउनो बाहेरून जोर लावायचा. त्या दिवसांत मी सुखात होतो.

मग एका वर्षी ताउनो पान्हा हातात घेऊन गाडीशेजारी उभा राहिला आणि उभाच राहिला. पान्ह्याचे काय करायचे तेच त्याला आठवेना. हळूहळू घरातली दारे आठवेनाशी झाली, माणसे आठवेनाशी झाली. शेवटी त्याला दूर शहरातल्या शुश्रूषागृहात ठेवावे लागले. तिथे तो दुसऱ्या कुणाच्या हातून घास घेत नसे. गावाची बस केव्हाच बंद झालेली. म्हणून हिल्का रोज दुपारी गाडी काढायची, त्याला भरवायची आणि परत यायची. तिला तो ओळखत होता की नाही कोण जाणे, पण तिने चमचा पुढे केला की तोंड उघडायचा.

या धावपळीत गाडीखाली डोकावायला कुणी उरले नाही. माझा बूट चिरला, ग्रीस उडून गेले, रस्त्यावरचे मीठ आणि रेती आत शिरली. गाडी उजवीकडे वळली की मी कळवळून ओरडू लागलो, खट खट खट!

हिल्काला ते ऐकू येत होते. तिने नवा एक्सलही मागवला. तो कोट टांगायच्या खुंट्यांखाली खोक्यात पडून राहिला. हे काम एकट्याचे नाही हे तिला पक्के ठाऊक होते. पण मदत मागायची म्हणजे तिच्या जिवावर यायचे. त्यापेक्षा तिने उजवीकडे वळणेच सोडले. जिथे उजवे वळण यायचे तिथे ही बाई अख्ख्या गावाला डावीकडून वळसा घालायची! गावकऱ्यांच्याही कानावर माझे रडगाणे रोज पडत होते. शेजारच्या आर्मासने तर सगळा हिवाळा ऐकले. पण विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायचे नाही, अशी तिथली रीत. कुणी चकार शब्द काढला नाही.

बर्फ वितळून रस्त्यांचा चिखल झाला होता तेव्हाची गोष्ट. हिल्का अंगणातून निघत होती. तिने चाक वळवले आणि माझ्या जॉइंटमधले काहीतरी कडाडून तुटले. इंजिन गुरगुरत राहिले, गाडी मात्र जागची हलेना.

हिल्काने कंबर कसली. पान्ह्याला लांब पाइप लावून ती नटावर लोंबकळली, तरी नट ढिम्म! ब्रेक दाबावा तर पाइप सुटे, पाइप धरावा तर ब्रेक सुटे. कुंपणापलीकडे आर्मास फावड्याने बर्फ ओढत होता. तिथे बर्फ शिल्लक नव्हता हा भाग वेगळा. शेवटी हिल्का पायरीवर मटकन बसली आणि रडू लागली.

आर्मासने फावडे टाकले.

"आत बस," तो म्हणाला. "ब्रेक दाब."

"तुला कसं कळलं काय करायचंय ते?"

"अगं, नाताळच्या आधीपासून ऐकतोय मी हे खटखटणं."

"मग बोलला का नाहीस मेल्या?"

"तू विचारलंस कुठे?"

"आणि तू तरी कधी विचारलंस, आर्मास, काही हवंय का म्हणून?"

"नाही," आर्मास खाली मान घालून म्हणाला. "चुकलंच. दाब आता. तो उपाशी बसला असेल."

नट किंचाळला आणि फिरला. मग त्यांनी गाडी जॅकवर चढवली, खाली ठोकळे दिले, चाक काढले. गंजाने मला असे काही धरून ठेवले होते की हातोड्याचे घाव घालताना आर्मासचा जीव मेटाकुटीला आला. दुसरे टोक पहारीने उचकटून त्यांनी मला गिअरबॉक्समधून ओढले, तेव्हा मागोमाग तेलाची धार लागली. माझ्या जागी तो नवा, चकचकीत एक्सल खट्कन बसला. खरे सांगू? मला हेवा वाटला नाही. सुटलो असे वाटले. दुकानाला जुना एक्सल परत द्यायचा होता, म्हणून हिल्काने मला वर्तमानपत्रात गुंडाळून डिकीत ठेवले.

आम्ही पोचलो तेव्हा खूप उशीर झाला होता. थोड्या वेळाने डिकी उघडली आणि हिल्काने मला उचलून आत नेले. आत ताउनो भिंतीकडे तोंड करून बसला होता. त्याच्यापुढचे माशाचे सार गार झाले होते.

"तुमच्या हातूनही नाहीच ना घेतलं?" परिचारिकेने हळूच विचारले.

हिल्काने मान हलवली. तिला दुसरे काही सुचत नव्हते. तिने कागद सोडला आणि मला ताउनोच्या मांडीवर ठेवले.

त्याचे बोट बुटाच्या घड्यांवरून फिरू लागले आणि चिरेपाशी थांबले. त्याने जॉइंट वळवून पाहिला, कान लावला.

"ग्रीसच नाही," तो म्हणाला. "कुणाची गाडी?"

"ताउनोची," हिल्का कशीबशी म्हणाली.

"म्हणजे माझीच की!" त्याने वर पाहिले. "बाई, तुम्ही गॅरेजवाल्या का?"

"हो."

"मग एक काम करा. ही गाडी माझी बायको चालवते. तिला सांगा, या गाडीतून येऊ नकोस म्हणावं. वाटेत अडकून पडेल. मला तिची काळजी वाटते."

"गाडी दुरुस्त झाली," हिल्का म्हणाली. "तुमची बायको नीट येईल. सांगते मी तिला."

"बरं झालं." त्याने आपल्या काळ्या बोटांकडे पाहिले. काम संपले की हात धुऊन जेवायला बसायचे, ही त्याची आयुष्यभराची सवय. हिल्काने ओल्या फडक्याने त्याची बोटे पुसली. मग तिने चमचा पुढे केला आणि त्याने तोंड उघडले. सगळे सार संपेपर्यंत तो त्या गॅरेजवाल्या बाईला आपल्या बायकोबद्दल सांगत राहिला, आणि ती ऐकत राहिली.

मित्रांनो, उद्या मी दुकानात परत जाईन. तिथून पुढे बहुधा भट्टीच. माझी तक्रार नाही, मी फार थकलो आहे. फक्त एक मागणे आहे. गाडीखाली अधूनमधून डोकवा. चिरलेला बूट वेळीच बदलला तर माझ्यासारख्याचे आयुष्य वाढते. आणि शेजारच्या अंगणातून खटखट ऐकू आली, तर त्या माणसाने विचारण्याची वाट पाहू नका. जाऊन दार वाजवा.