आठ महिन्यांचं वेटिंग

सिस्टरनी उजवा पाय उचलून गाडीच्या पायरीवर ठेवला, दाराजवळच्या मुठीला हात घातला आणि अंग वर ओढलं. अर्ध्यावर त्या थांबल्या. पाय पायरीवरच होता, पण पुढचं काम त्याच्या कानावर गेलेलं दिसत नव्हतं. मागे उभ्या नानांनी दोन्ही हात पुढे केले आणि धरावं की नाही ते न कळून तसेच हवेत ठेवले. सिस्टरनी खालचा ओठ दाताखाली धरला, पुन्हा जोर केला आणि त्या एकदाच्या सीटवर जाऊन बसल्या.

"छान आहे," धाप ओसरल्यावर त्या म्हणाल्या. "इथून तुमचं टक्कल सबंध दिसतं."

विक्रेती मुलगी हसली. मग कामाची आठवण होऊन तिनं सांगितलं की ही टॉपची गाडी. पायरी आणि मूठ दोन्ही फक्त टॉपलाच येतात. मधल्या मॉडेलला नुसती मूठ, आणि बेसला दोन्ही नाहीत. सीट बटणानं वरखाली होते, मागेही रेलते, तीही फक्त टॉपचीच. चारही चाकांना ताकद मात्र तिन्हींत सारखी.

नानांना हे सगळं पाठ होतं. गाडीचं माहितीपत्रक तीन आठवडे त्यांच्या उशाशी होतं. तीन मॉडेलांचे तीन रकाने, आहे तिथे बरोबरची खूण आणि नाही तिथे आडवी रेघ. छापखान्यात चौतीस वर्षं मुद्रितं तपासण्यात गेलेल्या माणसाला असा कागद म्हणजे सुट्टीचा दिवस. मधल्या रकान्यात एक खूण चुकून खालच्या ओळीत पडली होती; त्यांनी कंपनीला तसं पत्रही लिहिलं होतं. उत्तर आलं नव्हतं. छापखान्यात त्यांना सगळे अनुस्वार म्हणत, कारण ते असले तरी कुणाच्या लक्षात येत नसे.

सिस्टरना न ओळखणारं माणूस मात्र त्यांच्या भागात सापडलं नसतं. मोठ्या सरकारी दवाखान्यात त्या मुख्य परिचारिका म्हणून निवृत्त झाल्या, आणि नानाही घरात त्यांना लग्नापासून सिस्टरच म्हणत आले.

गाडी घ्यायची ती एका ठिकाणी जाण्यासाठी. नोकरीची पहिली तीन वर्षं सिस्टरनी पठारावरच्या बारा खाटांच्या दवाखान्यात काढली होती. तिथे आजही धड रस्ता नाही. शेवटचे चौदा मैल दगडधोंडे आणि दोन ओढे. लग्न ठरल्यावर तिथून त्या दर आठवड्याला पत्र लिहीत, आणि नाना ती पत्रं लाल शाईनं तपासून, उत्तरासोबत परत पाठवत. असा मनुष्य बघून तरी घ्यावा, म्हणून आपण लग्नाला उभ्या राहिलो, असं सिस्टर सगळ्यांना सांगत. पत्रांतून त्या दवाखान्याचा ओटा, खालची दरी, संध्याकाळी दरीतून वर येणारं धुकं, हे सगळं नानांच्या नजरेखालून गेलं होतं. पाहिलेलं मात्र काहीच नव्हतं. आता ते त्यांना दाखवायचं, एवढं एकच सिस्टरनी मागितलं होतं.

भाड्याच्या गाडीवाल्यांना विचारून झालं होतं. दोघांनी रस्ता ऐकूनच नाही म्हटलं. तिसरा तयार होता, पण मग सिस्टर तयार होईनात. वाटेत दहादा थांबावं लागणार, कुणीतरी उचलावं लागणार, कदाचित कपडेही बदलावे लागणार. उभा जन्म त्यांनी परक्यांची अंगं पुसली होती. आपलं अंग परक्याच्या हाती द्यायला मात्र त्यांचं मन होत नव्हतं. शेवटी म्हातारपणासाठी ठेवलेली ठेव मोडून गाडी घ्यायची आणि ती नानांनीच चालवायची असं ठरलं. नाना जरा कचरले तेव्हा सिस्टर म्हणाल्या होत्या, म्हातारपण आता कधी यायचं राहिलंय.

आजाराचं नाव चार महिन्यांपूर्वी कळलं. नसांचा आजार. आधी पाय, मग हात, मग गिळणं, मग श्वास. सिस्टरनी असे सहा पेशंट शेवटपर्यंत सांभाळले होते, त्यांना तो क्रम कुणी सांगावा लागला नाही. तपासणीचा अहवाल घरी आला तेव्हा नानांनी तो सवयीनं पेन्सिल घेऊन वाचला. दोन ठिकाणी अक्षरं चुकली होती, एक शब्द दोनदा पडला होता. त्यांनी समासात खुणा केल्या, कागद फायलीला लावला आणि तसं फार काही नाही म्हणून सांगितलं. 'अपेक्षेपेक्षा जलद' असे शब्द असलेली ओळ त्यांनी तीनदा वाचली होती. तिच्यात एकही चूक नव्हती.

खाली उतरताना सिस्टरना विक्रेत्या मुलीनं एका बाजूनं धरलं, नानांनी दुसऱ्या. मग तिघं मॅनेजरच्या काचेच्या खोलीत गेले.

सौदा सिस्टरनी करायचा हे न बोलता ठरलेलं होतं. घासाघीस सुरू झाली की नानांना आजवर दुकानाबाहेर जाऊन पाटीवरची अक्षरं तपासायची सवय होती. आज सिस्टरची काठी आणि पिशवी धरायला त्यांना आत बसणं भाग पडलं. मॅनेजर रुंद खांद्यांचा, गोड बोलणारा होता. त्यानं छापील किंमत सांगितली आणि ती कमी होत नाही असंही सांगितलं. सिस्टरनी मान डोलावली, आणि पुढच्या सव्वा तासात त्याच्या नाकी नऊ आणले. शस्त्रक्रियेच्या वेळी डॉक्टरांच्या हातात एकेक हत्यार द्यावं तसा एकेक आकडा त्या शांतपणे त्याच्या पुढ्यात ठेवत गेल्या. विमा बाहेरून काढला तर किती पडतो ते त्या विचारून आल्या होत्या. हाताळणी खर्च म्हणजे नेमकं काय हाताळता, असं त्यांनी विचारलं तेव्हा मॅनेजरनं तो आकडा स्वतःच खोडला. मग रोख सूट आली, पायाखालची मॅट आली, पहिल्या तीन सर्व्हिसिंगची मजुरी गेली. पाणी दोनदा आलं. सिस्टर पेला दोन्ही हातांनी धरत होत्या, बाकी त्यांच्यात कसलाही फरक दिसत नव्हता. नानांना वाटलं, हे असंच संध्याकाळपर्यंत चालावं.

"काकू, तुम्ही आमच्याकडे नोकरीला या," मॅनेजर कपाळ पुसत म्हणाला. "समोरच्या खुर्चीत बसलेल्या परवडत नाही."

"पेन्शन द्याल?" सिस्टरनी विचारलं.

सगळे हसले. सौदा झाला. मॅनेजरनं बुकिंगचा फॉर्म पुढे ओढला आणि लिहिता लिहिता सहज म्हणाला की टॉप मॉडेलला सध्या फार मागणी आहे, तेव्हा आज पैसे भरले की आठ महिन्यांत गाडी दारात.

सिस्टरनी मॅनेजरकडे पाहिलंही नाही. त्यांनी नानांकडे पाहिलं. नाना टेबलावरचं कॅलेंडर बघत होते. आठ महिने ऐकून माणूस दचकतो, निदान मान तरी वर करतो. नानांनी ती केली नाही, तिथे ते चुकले.

"तुम्हाला माहीत होतं," सिस्टर म्हणाल्या.

"पत्रकात दिलंय."

"कुठे?"

"शेवटच्या पानावर. तळाशी. बारीक टायपात."

विक्रेती मुलगी एकदा यांच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत राहिली. नानांना बरंच काही सांगायचं होतं. छापखान्यात एकदा कागदावर तारीख पडली की ते पुस्तक त्या दिवशी निघतंच, हे त्यांनी चौतीस वर्षं पाहिलं होतं. यंत्रं बिघडत, माणसं रजेवर जात, शाई संपे, पण तारीख पडलेलं काम अडलेलं त्यांना आठवत नव्हतं. आठ महिन्यांनंतरची एक तारीख, शिक्क्यासह, सिस्टरच्या नावावर पडली असती. तीन आठवडे ते रकाने बघत होते ते पायरीसाठी आणि सीटसाठी, असं त्यांनी स्वतःलाही सांगितलं होतं. हे सगळं एका वाक्यात बसेना.

"थंडीत रस्ता कोरडा असतो," ते म्हणाले. "ओढ्यांनाही पाणी नसतं."

"थंडीत," सिस्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. पेशंटला सुई टोचण्यापूर्वी काढत असतील तसा तो आवाज होता. "अहो, अजून मला चमचा धरता येतो. तोवर जाऊ या."

मॅनेजर संगणकाकडे बघायला लागला. नानांनी पिशवीचे बंद बोटाला गुंडाळले, सोडवले, पुन्हा गुंडाळले.

सिस्टरनी मग विक्रेत्या मुलीला विचारलं, आज तुमच्याकडे उभी असलेली अशी कोणती गाडी आहे. मुलीनं मॅनेजरकडे न बघताच सांगितलं की मागे यार्डात एक बेस मॉडेल आहे, एका कंत्राटदारानं रद्द केलेलं, पण रंग करडा आहे आणि तो कुणाला आवडत नाही. मॅनेजरनं तिच्याकडे रोखून पाहिलं. गरज कुठल्या बाजूला आहे ते इतक्या वेळानं त्याला कळलं होतं. तो खुर्चीत मागे रेलला. त्या गाडीला आणखी एक गिऱ्हाईक आहे, ते संध्याकाळी येणार आहे, तेव्हा तिच्यावर काही सूट बसणार नाही, असं तो म्हणाला.

हे खोटं होतं. नानांनाही ते कळलं, म्हणजे सिस्टरना तर कळलंच असणार. आता त्या याला सोलून काढतील म्हणून नाना वाट बघत राहिले.

"शनिवारी मिळेल?" सिस्टरनी विचारलं.

"शनिवारी? नंबर, विमा, सगळं धरून..." मॅनेजरनं बोटांवर मोजलं. "मिळेल. पण किंमत छापील."

"लिहा."

सव्वा तासाची कमाई एका शब्दात गेली. लिहिलेला फॉर्म मॅनेजरनं फाडला आणि नवा घेतला. नाना खुर्चीच्या कडेला सरकले. आयुष्यात कधी न केलेली गोष्ट ते करायला निघाले होते.

"निदान मॅट तरी..." ते म्हणाले.

सिस्टरनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. "असू द्या."

"अगं, पण तिला पायरी नाही. धरायला मूठ नाही. सीट रेलत नाही. गियर हातानं टाकायचे. तू चढणार कशी?"

"चढायचं किती वेळा आहे?" सिस्टर म्हणाल्या. "एकदा जाताना, एकदा येताना. दोनदा चढायला पायरी कशाला लागते?"

यावर मॅनेजरला हसावं की काय ते कळेना. पायरी वेगळी बसवून मिळते, तीन आठवडे लागतात, असं तो पुटपुटला, आणि मग कुणी न विचारता त्यानं फॉर्मवर मॅटच्या ओळीत एक खूण केली.

पैसे भरून झाल्यावर मुलीनं त्यांना यार्डात नेलं. भिंतीलगत करडी गाडी उभी होती. काचांवर धुळीचा थर, सीटांवर प्लॅस्टिक, रंग पावसाळी आभाळासारखा. जवळून ती शोरूममधल्या गाडीपेक्षा उंच वाटत होती, कारण जमीन आणि दार यांच्यामध्ये काहीच नव्हतं. मुलीनं दार उघडलं, अंतर पाहिलं, आणि गाड्या धुण्याच्या जागेवरून स्टूल आणते म्हणाली.

"नको," सिस्टर म्हणाल्या. "पठारावर स्टूल कोण आणून देणार आहे?" मग नानांकडे वळून, "चला, उचला. सवय करायला हवी."

नानांनी काठी गाडीला टेकवून ठेवली. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण सिस्टरना उचलायचा प्रसंग कधी आला नव्हता. तरुणपणी दोघांत सिस्टरच दणकट होत्या. घरातलं कपाट हलवायचं तर एक बाजू त्या एकट्या धरत आणि दुसरीकडे नाना आणि शेजारी. त्या सांगतील तसा नानांनी एक हात त्यांच्या पाठीमागून घातला, दुसरा गुडघ्यांखालून. पाय रोवले. श्वास भरून घेतला, कंबर सांभाळली आणि भार अंगावर येईल म्हणून सगळी ताकद एकवटून वर उचललं.

भार आलाच नाही. सिस्टर इतक्या पटकन वर आल्या की त्यांचं डोकं दाराच्या चौकटीला लागता लागता राहिलं. नाना तसेच उभे राहिले. त्यांना सीटवर ठेवायला लागला असता त्याहून जास्त वेळ ते तसे उभे होते. विक्रेती मुलगी दुसऱ्या गाडीची काच रुमालानं पुसायला लागली. मग नानांनी त्यांना हळूच आत ठेवलं, पाय उचलून सरळ केले. प्लॅस्टिक करकरलं.

सिस्टरनी कपडे सारखे केले आणि समोरच्या धुळकट काचेतून भिंतीकडे बघत विचारलं,

"जड झाले का हो?"

"हो," नाना म्हणाले. "बरीच." आणि दम लागल्यासारखे दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, मान खाली घालून ते बराच वेळ वाकून उभे राहिले.